‘बी.एड.ला लागेल’ : शहापुरातल्या एका माळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावातल्या शहापूर भागातलं मंगळुरी कौलांचं जुनं घर. घरात आज्जी, आई-बाबा आणि दोन भावंडं. थोरली मुलगी मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झालेली. त्यानंतर वर्षभर ती जवळच्याच शिकवणी वर्गात सातवी-आठवीच्या पोरांना शिकवत होती. हे प्रकरण त्या उन्हाळ्यात तिने घरातला अडगळीचा माळा कसा रिकामा केला याचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बी.एड. करायचं हे पक्कं होतं, कुठे करायचं ते मार्चपर्यंत ठरत नव्हतं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात प्रवेशाची सवलत आहे, त्यामुळे कोल्हापूरचा विचार झाला. पण तिकडे सीईटी द्यावी लागते आणि वसतिगृहाचा खर्च वेगळा. कर्नाटकात राज्य कोट्याची यादी पदवीच्या गुणांवर लागते. तिचे गुण चांगले होते, घर इथेच. बेळगावच ठरलं. यादी नेमकी कधी लागणार हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. तिने आपलं ‘जुलैत कॉलेज’ असं धरलं.

मार्चअखेर शिकवणी थांबली. आता जूनपर्यंत पोरगी मोकळी, असं घरातल्या प्रत्येकाने गृहीत धरलं आणि आपापल्या परीने तिचे दिवस भरूनही टाकले. चौघी मैत्रिणींपैकी एकीचं मे महिन्यात लग्न, दुसरी नोकरीसाठी पुण्याला निघालेली. म्हणजे चौघी एका गावात असायची ही शेवटचीच सुट्टी. राजहंसगडाला जायचं, आंबोलीला जायचं, लग्नाची खरेदी करायची. वैशाखातल्या शिवजयंतीनंतरच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी गल्लीच्या मंडळाचा सजीव देखावा होता आणि त्याच्या तालमी रात्री जेवणानंतर. आजोळी यात्रा. आईचे पापड, कुरडया, सांडगे. तिला स्वतःला शाळेत असताना सुटलेली पेटी पुन्हा वाजवायची होती आणि क्रोशाचा अर्धा राहिलेला टेबलक्लॉथ पुरा करायचा होता.

शिवाय कन्नड. तिचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. बोलायला अडचण नाही, बाजारात आणि बसमध्ये रोजच बोलते. वाचताना मात्र अडखळते. कॉलेजच्या नोटीस बोर्डपासून शाळांना येणाऱ्या परिपत्रकांपर्यंत सगळं कन्नडमध्ये असतं, आणि सरकारी शाळेत नोकरी करायची तर नुसतं बोलता येऊन भागत नाही.

अडचण

घराला लाकडी तक्तपोशीचा माळा आहे. त्यावर तीन पिढ्यांचं सामान: आज्जीच्या दोन ट्रंका, पितळेची हंडी-घागरी, लग्नातल्या सतरंज्या, दोन्ही भावंडांची पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं आणि वह्या, तुटका पंखा, दिवाळी अंकांचे गठ्ठे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, कपड्यांची गाठोडी आणि एका कोपऱ्यात ती पेटी. वर्षानुवर्षं ते तिथे होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते कौलांमुळे. मागच्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळती झाली होती. कौलं फेरणाऱ्या गड्यांना मृगाच्या आधी अख्ख्या गल्लीची कामं असतात. त्यांनी २५ मेचा आठवडा दिला आणि बजावलं, ‘माळा रिकामा पाहिजे.’ ते बरोबरच होतं. कौलं उतरवली की वर्षांची धूळ, काजळी, पाचोळा खाली येतो. कुजलेल्या रिपा बदलायच्या तर माळ्यावर उभं राहायला जागा लागते. ताडपत्री टाकून भागवू म्हणणाऱ्यांच्या सामानात मग फुटक्या कौलांचे तुकडे सापडतात.

तरी दोन महिने हातात होते. प्रकरण किचकट झालं ते वेगळ्याच कारणाने. घरातलं सामान टाकायला निघालं की आज्जी म्हणायच्या, ‘असू दे की गे, लागतंय कवातरी.’ या ‘कवातरी’शी निदान वाद घालता येत होता. आता त्याच्या जागी एक भक्कम कारण आलं: बी.एड. पुठ्ठा दिसला, बी.एड.ला लागेल. जुन्या लग्नपत्रिका, थर्माकोल, बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, भावाची सहावीची पुस्तकं, सगळंच बी.एड.ला लागणार होतं. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत तिने रोज दुपारी तासभर काम केलं आणि माळ्यावरून कमी झाली फक्त दोन पोती. ‘शैक्षणिक साहित्य’ असं लिहिलेली चार नवी पोती मात्र तयार झाली. म्हणजे आवरल्यावर पसारा वाढला. प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी हे सर्रास होतं. शिक्षकाला कशाचाही उपयोग करता येतो, हे खरंच आहे. म्हणून तर ते कारण कुणाला खोडता येत नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली: तिचं दहावीचं मूळ गुणपत्रक कपाटात नव्हतं. झेरॉक्स होती. मूळ प्रत ‘वर कुठेतरी’.

समोर असलेले पर्याय

बाबांचं म्हणणं सरळ होतं. दोन हमाल लावायचे, एका रविवारी सगळं खाली आणायचं, भंगारवाल्याला बोलवायचं आणि मोकळं व्हायचं. काम एका दिवसाचं. पण गुणपत्रक त्या ढिगातच असण्याची शक्यता होती, आणि आज्जींच्या ट्रंका त्यांना न विचारता उघडल्या तर घरात महिनाभर अबोला ठरलेला.

दुसरा पर्याय म्हणजे चाललं होतं तसंच रोज तासभर करत राहणं. ऐकायला शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात शिडी लावणं, सामान उतरवणं, नंतर झाडून घेऊन अंघोळ करणं यातच पाऊण तास जातो आणि निवडायला पंधरा मिनिटं उरतात. माळ्याचं काम तुकड्यातुकड्याने होत नाही.

तिसरा पर्याय आईने सुचवला: सगळं सामान मागच्या सोप्यात हलवायचं, कौलं झाली की परत वर. कौलांचा प्रश्न सुटला असता. पण कॉलेज सुरू झाल्यावर हा माळा दोन वर्षं कुणी बघणार नव्हतं.

चौथा पर्याय मैत्रिणींच्या गप्पांतून निघाला. लग्न ठरलेलीच्या घरीही आवराआवर चालू होती, पुण्याला जाणारीला खोली रिकामी करायची होती. शेतात पैऱ्याने काम करतात, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, तसं का करू नये? भेटणंही होईल. यात धोका उघड होता. चौघी जमल्या की काम किती आणि हसणं किती, हे चौघींनाही माहीत होतं.

निर्णय आणि कृती

*आधी कागद*

पैरा ठरला, पण त्याच्याआधी एक निर्णय तिने एकटीने घेतला आणि तो फार उपयोगी पडला. माळ्यावरच्या बाकी कशालाही हात न लावता आधी फक्त कागद शोधायचे. पिशव्या, फायली, पुस्तकांत घुसवलेली पाकिटं, ट्रंकेच्या झाकणाचा कप्पा, तेवढंच बघायचं. गुणपत्रक तिसऱ्या दिवशी सापडलं, चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकांच्या कॅरीबॅगेत. त्या वर्षी कुठल्याशा अर्जासाठी काढलं असेल आणि पाहुण्यांच्या गडबडीत पिशवीसकट वर गेलं असेल. हमाल लावले असते तर ही पिशवी रद्दीत गेली असती. मग शाळेमार्फत बोर्डाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, पोलिसांत हरवल्याची नोंद, अशी रांग लागली असती. तेही प्रवेशाच्या तोंडावर.

एका फायलीत मग इतकं जमलं: एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीची (बारावी) मूळ गुणपत्रकं, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, टी.सी., वर्तणुकीचा दाखला, आधार, रेशन कार्ड आणि नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) काढलेलं जात-उत्पन्न प्रमाणपत्र. या शेवटच्याची तारीख आधी बघावी, मुदत संपलेली असेल तर यादी लागायची वाट न बघता नवं काढायला टाकावं. दुसरी गोष्ट, सगळ्या कागदांवरची नावं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. तिच्या दहावीच्या गुणपत्रकावर बाबांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर होतं, आधारवर पूर्ण नाव. आपल्याकडे कन्नड पद्धतीची आद्याक्षरं आणि मराठी पद्धतीचं नाव-वडील-आडनाव असे दोन्ही प्रकार एकाच घरात चालतात, म्हणून हा घोळ इथे जास्त. तिने आधार दुरुस्त करून घेतलं. ते सोपं असतं, गुणपत्रकावरचं बदलणं अवघड. आणि मूळ गुणपत्रकं लॅमिनेट करू नयेत. तपासणीला शिक्का, कागद, सही बघतात. प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरात सुटी ठेवलेली बरी.

*पैऱ्याचे नियम*

पहिल्या रविवारी चौघी तिच्या घरी जमल्या आणि सकाळच्या तीन तासांत एक ट्रंकभर सामान जेमतेम निवडलं गेलं. कारण पहिल्याच गाठोड्यातून शाळेचे फोटो निघाले. दुपारी जेवताना नियम ठरले. फोटो, पत्रं, डायऱ्या दिसल्या की न उघडता एका पेटाऱ्यात टाकायच्या, चहा झाल्यावर बघायच्या. एकीने वरून द्यायचं, एकीने शिडीवर घ्यायचं, दोघींनी अंगणात निवडायचं. आणि मुख्य नियम: ज्या घरचं सामान, त्या घरच्या मुलीने निवडायला बसायचं नाही. तिने वर माळ्यावर राहायचं. खालच्या मैत्रिणीला त्या वस्तूबद्दल काहीच वाटत नसतं. तिने फक्त अडेल तिथे वर बघून विचारायचं.

विचारायचा प्रश्न वडगावच्या कन्नड मैत्रिणीने काढला आणि या सगळ्या प्रकरणाचं कुलूप त्या प्रश्नाने उघडलं: ‘कुठल्या इयत्तेच्या, कुठल्या पाठाला लागेल?’ नुसतं ‘लागेल’ चालणार नाही, पाठाचं नाव सांगायचं. थर्माकोलला उत्तर नव्हतं. झाकणांना नव्हतं, ती खालच्या वर्गांत मोजायला लागतात आणि तिला शिकवायचे होते मोठे वर्ग, समाजविज्ञान आणि मराठी. जुन्या नोटा आणि नाणी, ताम्रपटाच्या फोटोचं कॅलेंडर, आज्जींच्या काळातली पावशेर-अच्छेराची मापं, यांना उत्तर लगेच सापडलं आणि ती राहिली.

*ट्रंकेएवढंच*

प्रश्नाच्या जोडीला तिने माप ठरवलं: बी.एड.साठी एकच पत्र्याची ट्रंक, ३६ इंच लांब आणि २४ इंच रुंद. हे माप उगाच नव्हतं. तक्त्याचा कार्डशीट २२×२८ इंचांचा असतो. तो सपाट राहायला पाहिजे. गुंडाळी करून ठेवलेला तक्ता फळ्यावर लावला की खालचे कोपरे वर वळतात, आणि पाठ बघायला बसलेल्या प्राध्यापकांच्या शेऱ्यात ते बरोबर येतं. ३० इंची ट्रंकेत लांबी बसते पण रुंदी अडते. ट्रंक घ्यायची नसेल तर गादीखाली सपाट ठेवणं हा जुना उपाय आहेच, फक्त गादीवर रोज कोण झोपतं ते बघून.

ट्रंकेत काय जाणार हे ठरवायला तिने आधीच्या वर्षीच्या दोघी विद्यार्थिनींना घरी बोलावलं. दोघींनी जे सांगितलं त्याने चार पोत्यांपैकी तीन तिथेच निकालात निघाली. २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात, साधारण ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. सुरुवातीचे सूक्ष्मपाठ म्हणजे प्रश्न विचारणं, फलकलेखन, स्पष्टीकरण अशा एकेका कौशल्याचे. त्याची ठरीव फेरी ३६ मिनिटांची: ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं अभिप्राय ऐकायचा, १२ मिनिटांत टाचण सुधारायचं, पुन्हा ६ मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा ६ मिनिटं ऐकायचं. त्यात खडू, डस्टर आणि आवाज लागतो, पोतंभर साहित्य लागत नाही. तक्ते, खिसेफलक (कार्डं अडकवायला खिसे असलेला कापडी फलक), गुंडाळफळा यांची खरी गरज सराव पाठांना आणि नंतर शाळेत. म्हणजे आज माळ्यावर ठेवलेला पुठ्ठा वापरायला एक पावसाळा, कधी दोन पावसाळे जाणार. बेळगावच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या पुठ्ठ्याला बुरशी आणि कसर लागायला तेवढे पुष्कळ.

लग्नपत्रिकांबद्दल थोडं. कागद जाड असतो, मागची बाजू कोरी असते, म्हणून शब्दकार्डांना त्या उत्तम, असं सगळ्यांना वाटतं. पण मागच्या बाकावरून वाचता यायला अक्षर दीड-दोन इंच उंच लागतं. चार बाय आठच्या पत्रिकेवर एक छोटा शब्द बसतो. चकचकीत पत्रिकेवर स्केचपेन पसरतं, उठावाची छपाई असली तर मागून टेंगळं येतात. तिच्याकडच्या ढिगातून साध्या, बिनचकाकीच्या साठ-सत्तर निघाल्या. तेवढ्या रबर लावून ट्रंकेत गेल्या.

जुनी पाठ्यपुस्तकं ठेवावीत का, यावर घरात बराच काथ्याकूट झाला. अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक पाठ घ्यायला चालत नाही. सराव पाठ ज्या शाळेत असेल तिथलं चालू वर्षाचंच पुस्तक लागतं, आणि कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. आठवी ते दहावीची समाजविज्ञानाची तीन तेवढी तिने नकाशांसाठी ठेवली.

वह्यांचं मात्र सोनं झालं. जुन्या वह्यांत मागची पानं कोरी असतात. सुटी पानं फाडली तर शिवता येत नाहीत, म्हणून मधली पिन काढून अखंड जोडपानंच वेगळी केली. दहा जोडपानं एकात एक घातली की एक जुडी, म्हणजे चाळीस पृष्ठं. अशा पाच जुड्या. प्रत्येकीच्या घडीवर दाभणाने सारख्या अंतरावर पाच भोकं पाडली, वाकळीच्या (गोधडीच्या) जाड दोऱ्याला मेणबत्ती घासून घेतली आणि एक जुडी शिवून झाली की त्याच दोऱ्याने पुढची तिला जोडली. पाठीवर फेविकॉल आणि जुन्या सुती लुगड्याची तीन इंची पट्टी, वर विटा ठेवून रात्रभर दाब. कव्हर कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं. अशा सहा वह्या झाल्या. पाठटाचण शेवटी कॉलेजच्या छापील वहीतच उतरवायचं असतं, पण कच्चं टाचण खोडत-गिरवत चार वेळा लिहावं लागतं. त्याला या वह्या पुरून उरतील. गठ्ठा करताना एकच गोष्ट बिघडली: वेगवेगळ्या कंपन्यांच्या वह्यांची पानं दोन-तीन मिलिमीटरने लहान-मोठी होती आणि पहिल्या वहीची कड करवतीसारखी आली. पुढच्या वह्या मापाप्रमाणे लावून घेतल्या.

*आज्जींच्या ट्रंका*

या दोन ट्रंकांना हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. त्या खाली आणून आज्जींच्या खाटेजवळ ठेवल्या, बस्स. चार दिवस त्या बंदच होत्या. पाचव्या दिवशी दुपारी आज्जींनी स्वतःच किल्ली मागितली. सुती लुगडी त्यांनी वेगळी काढली आणि वाकळी शिवणाऱ्या बाईला निरोप धाडला. एका वाकळीला चार-पाच सुती लुगडी लागतात. सिंथेटिक साडी मध्ये घातली की थर सरकतात, टाके ओढले जातात. दोन वाकळी झाल्या, त्यातली एक लग्न ठरलेल्या मैत्रिणीला आहेर म्हणून गेली. पितळेची हंडी मोडीत द्यायची का, यावर आज्जी काही बोलल्या नाहीत. ती घासूनपुसून सोप्यात ठेवली गेली.

*पेटी*

पेटी माळ्यावर उताणी नव्हती, एवढंच तिचं नशीब. हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटी अडगळीत टाकणं हा गुन्हाच म्हटला पाहिजे, पण घरोघरी तो होतो. भाता मारला की वारा लगेच संपत होता, मंद्र सप्तकातला एक सूर पट्टी न दाबताही वाजत होता आणि दोन सूर मुके होते. वाजत राहणारा सूर बहुतेक वेळा पट्टी पूर्ण वर न आल्याने वाजतो: दमटपणाने लाकूड फुगलेलं असतं, नाहीतर पट्टीच्या पोटाच्या चामडीखाली कचरा अडकतो. वरचं झाकण काढून मऊ ब्रशने तो झाडला आणि सूर थांबला. मुक्या सुरांपैकी एक, पितळी स्वरपट्टीच्या जिभेखालून पातळ कागद हळूच सरकवल्यावर बोलला. जीभ वाकवायची नाही, खरवडायची नाही, पाणी-तेल लावायचं नाही. वाकली की सूर बिघडतो. दुसरा बोललाच नाही आणि भात्याला उंदराने भोक पाडलेलं निघालं. ते घरी चिकटपट्टीने बंद करायच्या फंदात न पडता पेटी कारागिराकडे दिली. त्याने चामड्याचं ठिगळ लावलं आणि स्वरपट्टी बदलली.

*कन्नडच्या चिठ्ठ्या*

रोज अर्धा तास कन्नड वाचायचं, हे वेळापत्रकात तीनदा लिहून तीनदा बारगळलं. मग वडगावच्या मैत्रिणीने परत वर जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्यावर, डब्यावर, पोत्यावर कन्नडमध्ये चिठ्ठी लिहायची टूम काढली. लिहायचं हिने, तपासायचं तिने. मराठी माणूस अडतो त्या जागा यातून नेमक्या कळल्या: ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ हा भेद, जो आपल्याला ऐकूच येत नाही, आणि खाली लटकणारी ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर. आज्जींनी हरकत घेतली, ‘आणि मला कोण वाचून दाखवणार?’ तेव्हा खाली देवनागरीतही लिहिलं गेलं.

निकाल

माळा २१ मेच्या सुमारास रिकामा झाला. कौलं झाली, तीन रिपा बदलल्या, एका तुळईला वाळवीची माती लागलेली दिसली ती वेळीच खरवडून औषध मारलं. सामान अर्ध्याहून कमी परत वर गेलं. रद्दी आणि भंगाराचे पैसे आले ते कारागिराच्या बिलात गेले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिवाळी अंकांचे गठ्ठे अंगणात उन्हाला पसरले होते. चौघी लग्नाच्या बांगड्या भरायला खडे बाजारात गेल्या आणि तीनच्या सुमारास वळीव आला. गारांसकट. निम्मे अंक भिजून चिकटले. उरलेले येळ्ळूरकडच्या एका गावातल्या छोट्या वाचनालयाने आनंदाने घेतले. त्याआधी रिक्षाभर पाठ्यपुस्तकं न विचारता एका मोठ्या वाचनालयात नेली होती, ती त्यांनी दारातूनच परत पाठवली. जुनी पाठ्यपुस्तकं कुठलंच वाचनालय सहसा घेत नाही, रिक्षाभाड्याआधी फोन करावा.

चित्ररथाच्या मिरवणुकीनंतरचा रविवार वाया गेला. मिरवणूक रात्रभर चालते, सकाळी घरी आल्यावर शिडी कोण चढणार? पैऱ्याची पुण्याला जाणारीच्या घरची पाळी त्यात गेली. तिने पुढे एकटीनेच खोली आवरली आणि तिच्या मनात ते थोडं राहिलं. आंबोली झालीच नाही. राजहंसगड झाला, पहाटे जाऊन दहापर्यंत परत. टेबलक्लॉथ अजून अर्धाच आहे.

आणि कॉलेज जुलैत सुरू झालं नाही. यादी पुढे गेली. माळ्याला मुदत कौलांची दिली होती, कॉलेजची नव्हती, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. मधल्या मोकळ्या आठवड्यांत पेटी आणि कन्नड दोन्ही बसवता आले. कागदपत्र तपासणीला फाईल जशीच्या तशी उचलून नेली.

पुन्हा करायचं झालं तर

कागदांचा शोध एप्रिलच्या पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवा होता. दोन आठवडे आधी झालेली सगळी निवड गुणपत्रकाचा पत्ता नसताना झाली. त्या दोन पोत्यांबरोबर ते गेलं नाही हा निव्वळ योग.

आधीच्या वर्षीच्या विद्यार्थिनींना पोती भरण्याआधी विचारलं असतं तर ती भरलीच नसती. तासाभराचं बोलणं होतं ते. प्रत्येक कॉलेजात पाठांची संख्या आणि मागितलं जाणारं साहित्य थोडं वेगळं असतं, त्यामुळे आपल्याच कॉलेजातलं कुणीतरी गाठावं.

पैऱ्याच्या पाळ्या ठरवताना आधी तिथीचं कॅलेंडर समोर घ्यायला हवं होतं. शिवजयंती, मिरवणूक, यात्रा, लग्नाचे मुहूर्त हे सगळं महिनाभर आधी माहीत असतं. गाव सोडून जाणारीची पाळी पहिली लावायची, लग्न असलेलीची दुसरी, आणि जी इथेच राहणार तिची शेवटी. इथे नेमकं उलटं झालं: जिची मुदत सगळ्यांत लांब, तिचा माळा आधी आणि सगळ्यांत जास्त वेळ.

कागद, पुस्तकं वाळवायला ऊन कशाला? उन्हाने पाठीचा गोंद तडकतो. सोप्यात वारं लागेल अशी पंख्यासारखी उघडून उभी केली असती तरी कसर झटकली गेली असती आणि वळवाची भीती राहिली नसती. एप्रिल-मेमध्ये बेळगावात दुपारनंतर अंगणात काहीही पसरून बाहेर जाऊ नये.

ट्रंकेचा नियम तिने एकदा मोडला. ‘एवढं एकच’ म्हणून खिसेफलकासाठी चांगल्या कापडाची एक पिशवी आणि पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा ट्रंकेबाहेर माळ्यावर ठेवला. जुलैत कौलांच्या सांध्यातून थोडी झिरप आली ती बरोबर त्यावर. ट्रंक कोरडी होती. कापड धुऊन वापरता आलं, पुठ्ठे टाकून द्यावे लागले. आता नवीन काही ठेवायचं असेल तर ट्रंकेतलं तेवढं आधी बाहेर काढावं लागतं, आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या यादीत दोन्ही लिपींमध्ये खाडाखोड करावी लागते.